फाइलमधले फोटो दुसऱ्याच गाडीचे होते

इंग्लंडमध्ये, किंवा इतरत्र कुठेही, जुनी एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी विकत घेऊन घरच्या गॅरेजमध्ये ती नव्याने उभी करण्याचा विचार जे कोणी करत असतील, त्यांनी पैसे देण्याआधी हा अनुभव वाचावा, एवढ्यासाठीच तो लिहीत आहे.

मी ऑक्सफर्डशायरमध्ये राहतो. ज्या ॲबिंग्डनच्या कारखान्यात १९६२ ते १९८० या काळात ही गाडी बनत होती, ते गाव माझ्या घरापासून जवळ आहे. पुण्यात लहानपणी वडिलांच्या प्रीमियर पद्मिनीखाली पोते अंथरून त्यांना पाने देण्याचे काम माझ्याकडे असे, त्यामुळे जुन्या गाडीची भीती मला कधी वाटली नाही. १९७१ सालची, क्रोम बंपरची, उघड्या टपाची एमजीबी मी गेल्या वसंतात ८,४०० पौंडांना घेतली. तिचे १७९८ सीसीचे इंजिन आणि जोडीचे एसयू कार्बोरेटर तसेच ठेवून, चार गिअरांच्या जागी फोर्ड सिएराचा पाच गिअरांचा गिअरबॉक्स आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवायचे, असे मी ठरवले होते. पत्राकाम मला येत नाही. म्हणूनच पत्राकाम पूर्ण झालेली गाडी मी शोधत होतो आणि त्यासाठी जास्त किंमत द्यायलाही तयार होतो.

विकणारा माणूस मृदू बोलणारा होता. गाडी बरीच वर्षे आपल्याकडेच आहे, दोन्ही बाजूंचे सिल, म्हणजे दारांखालचे पत्र्याचे लांब पट्टे, आतून-बाहेरून नवे घातले आहेत, आता प्रकृतीमुळे काम झेपत नाही म्हणून विकतो, असे त्याने सांगितले. जाहिरातीतही सिलबद्दल तेच लिहिले होते. त्याने माझ्यापुढे एक जाड फाइल ठेवली. तिच्यात सुट्या भागांच्या पावत्या होत्या आणि राखाडी प्रायमर मारलेल्या सांगाड्याचे तीसेक फोटो होते. त्या फोटोंमधले वेल्डिंग इतके नीटनेटके होते की गाडीखाली वाकून पाहण्याची गरजच मला वाटली नाही.

या गाडीला वेगळी चासी नसते. डोक्यावर छप्पर नसल्यामुळे पुढचा आणि मागचा भाग एकत्र धरून ठेवण्याचे काम मुख्यतः दारांखालचे सिलच करतात. बाहेरून दिसतो तो एक पत्रा, पण त्याच्या आत पत्र्याचा उभा पडदा, आतले सिल आणि खाली बुरुजाच्या कंगोऱ्यांसारखी पट्टी असे थर असतात. बाहेरचा पत्रा पुढे आणि मागे मडगार्डांच्या आत शिरलेला असतो, म्हणून तो खरोखर बदलायचा तर मडगार्डांचा खालचा भाग कापावा लागतो आणि त्याआधी दाराच्या चौकटीला आधाराचे गज वेल्ड करावे लागतात, नाहीतर गाडी मधोमध वाकते. हे सगळे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे, आणि नेमकी इथेच लबाडी होते.

तिसऱ्या आठवड्यात कार्पेट बदलण्यासाठी मी सीटमागचे झाकण उघडले. तिथे दोन वेगवेगळ्या खणांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. १९७१ च्या गाडीत त्या तशाच असायला हव्यात. पण फाइलमधल्या फोटोंत त्याच जागी एकच मोठा खण दिसत होता, आणि बारा व्होल्टच्या एकाच बॅटरीसाठी असा खण १९७४ च्या शेवटाशेवटाला, रबरी बंपरच्या गाड्यांपासून आला. मी फोटो हातात घेऊन बराच वेळ त्या दोन खणांकडे पाहत बसलो. ते फोटो माझ्या गाडीचे असणे शक्यच नव्हते.

त्यानंतर मी सिलला लोहचुंबक लावले. दाराच्या मागच्या कोपऱ्याशी ते घसरून खाली पडले. रंग खरवडल्यावर पुट्टी निघाली, पुट्टीखाली पातळ नवा पत्रा निघाला, आणि तो कापल्यावर जुने, चाळणी झालेले सिल दिसले. आत पोकळी भरून काढण्यासाठी फुगणारा पिवळा फोम मारलेला होता. पाणी शोषून तो जड झाला होता आणि बोटाने दाबला की त्यातून गंजाचे तपकिरी पाणी पाझरत होते. अशा गाडीत मी मुलीला शेजारी बसवून दोनदा फिरवून आणले होते, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो.

चाळीस वर्षांवरील गाड्यांना इथे २०१८ पासून सहसा एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का याची वार्षिक तपासणी, सक्तीची नाही. मात्र आधीच्या तपासण्यांचे निकाल सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. मी ते खरेदीनंतर पाहिले. शेवटच्या तपासणीत दोन्ही सिल गंजल्याची नोंद होती. नोंदणीपत्राचा मी काढून ठेवलेला फोटो पुन्हा पाहिला, तर विकणाऱ्याने गाडी घेतल्याची तारीख माझ्या खरेदीच्या फक्त सात आठवडे आधीची निघाली. ही दोन्ही कामे पाच मिनिटांची होती. गाडी बघायला जाल तेव्हा ती आधी करा, मग लोहचुंबक लावा, मग दाराखालच्या मूळ जागी जॅक लावून गाडी थोडी उचला. दाराची फट बदलली किंवा दार अडकू लागले, तर तिथूनच परत फिरा. विकणारा जॅक लावू देत नसेल, तरीही परत फिरा.

विकणाऱ्याने पावतीवर ‘आहे त्या स्थितीत विकली’ असे लिहून घेतले होते आणि त्याचाच तो आधार घेत होता. पण खासगी विक्रीतही वस्तू वर्णनाप्रमाणेच असावी लागते आणि खोट्या विधानाला असल्या ओळीचे संरक्षण मिळत नाही. जाहिरातीची प्रत मी जपून ठेवली होती, म्हणून मला काहीतरी करता आले. दावा दाखल करण्यापूर्वीची लेखी नोटीस पाठवल्यावर त्याने ३,५०० पौंड परत केले. दुरुस्तीचा अंदाज ५,२०० पौंडांचा आहे. उरलेल्या रकमेसाठी दहा हजार पौंडांपर्यंतच्या लहान दाव्यांच्या न्यायालयात मी अर्ज केला आहे.

गाडी आता चार स्टँडवर उभी आहे. दारांच्या चौकटींत आधाराचे गज लागले आहेत आणि एक अनुभवी वेल्डर डाव्या बाजूपासून काम करतो आहे. फाइल मी जपून ठेवली आहे. फोटोंतल्या गॅरेजची फरशी लाल आहे आणि मागच्या भिंतीला हिरवे लाकडी कपाट आहे. कुणीतरी त्या गाडीवर फार मनापासून काम केले आहे. आपले फोटो अशा कामासाठी फिरत आहेत हे त्याला माहीत नसणार. ते कपाट कुणाच्या ओळखीचे असेल, तर त्याने मला जरूर कळवावे.