जॅगचा गणवेश की केंद्राच्या पॅनेलवरचा काळा कोट?

सैन्याला कायद्याचा सल्ला द्यायचा, तर वकिलापुढे ठळक वाटा दोनच. जॅग (जज अ‍ॅडव्होकेट जनरल) या लष्कराच्या कायदा शाखेत अधिकारी व्हायचं, नाहीतर नागरी वकील राहून सशस्त्र दल न्यायाधिकरणात केंद्र सरकारच्या पॅनेलवर, म्हणजे सरकारची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या यादीवर यायचं. मी दहा वर्षं पहिली वाट चाललो, आता मुंबई खंडपीठापुढे दुसरी चालतोय. जॅगसाठीचं वय, गुण, क्लॅट ही कायद्याची प्रवेश परीक्षा, हे सगळं भरतीच्या जाहिरातीत आहेच.

जॅगमधलं काम रंगतदार, हे मान्य. जनरल कोर्ट मार्शल या लष्करी न्यायालयात जज अ‍ॅडव्होकेट, म्हणजे कायद्याचा सल्लागार म्हणून बसलात, की पायदळ-तोफखान्यातल्या किमान पाच अधिकाऱ्यांना पुराव्याचा कायदा तुम्ही समजावायचा. तिशीतल्या वकिलाला बाहेर असा मान कोण देतो? पगार वेळेवर. वकिलीची सनद मात्र स्थगित.

मला खटकलं ते ‘व्हेटिंग’, म्हणजे फाइलची कायदेशीर तपासणी. बरेचदा फाइल येते तेव्हा निर्णय झालेला असतो, आपण फक्त कलमं जुळतात का ते बघायचं. एकदा एका जवानाच्या समरी कोर्ट मार्शलचे, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरनं चालवलेल्या झटपट खटल्याचे कागद आले. त्यानं गुन्हा कबूल केला होता, पण कबुलीचा अर्थ त्याला समजावून सांगितल्याची नोंदच नव्हती. आर्मी रूल 115 ला ती लागते. शिक्षा टिकणार नाही, असं मी मसुद्यात लिहिलं. संध्याकाळी बोलावणं आलं. चहा झाला, मग, ‘मेजर, तोंडी सांगितलंत ना, मग लिहिताय कशाला?’ आवाज चढलेला नव्हता. पण विचारणारे साहेब माझा सीआर (बढतीसाठी बघितला जाणारा गोपनीय अहवाल) लिहिणाऱ्यांपैकी होते. मी ती ओळ सौम्य केली. अजून ती डोक्यातून जात नाही.

पॅनेलवरही सुख नाही. फाइल सुनावणीच्या आदल्या संध्याकाळी हातात पडते, अर्जातल्या मुद्द्यांवर खात्याचं पॅरावाइज उत्तर आलेलं नसतं, उभं राहून मुदत मागायची. बिलं लटकतात. समोर साताऱ्याकडचा निवृत्त हवालदार असतो, अपंगत्व पेन्शनसाठी आलेला. भरतीवेळी नोंद नसलेला आजार सेवेमुळेच झाला असं सहसा धरायचं आणि तसं नाही हे सरकारनं दाखवायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्येच सांगितलंय. तरी विरोध मीच करतो.

निकालानंतर मात्र माझं मत मागतात. अपिलाच्या परवानगीचा अर्ज 30 दिवसांत करायचा असतो, त्याआधी. बहुतेक वेळा मी ‘अपील करू नये’ असं लिहितो. कधी ऐकतात, कधी नाही. पण ते मत माझ्या सहीनं, माझ्या शब्दांत फाइलवर राहतं, चहाला कुणी बोलावत नाही.

पंचविशीच्या आत असाल आणि घरी वकिलीची गादी नसेल, तर जॅगला नाही म्हणवत नाही. सनद नंतर पुन्हा चालू करता येते. माझ्यासारख्या, लिहिलेलं खोडायला जड जाणाऱ्यानं पॅनेल बघावं, मात्र हाताशी दुसरी प्रॅक्टिस ठेवूनच. नुसत्या केंद्राच्या फीवर माझ्या ऑफिसचं भाडंही निघत नाही.