सोलरची टाकी वेल्डिंगला नेली आणि भलतीच टाकी परत आली

लातूरकरांनो आणि आजूबाजूच्या गावातल्या सगळ्यांनो, हे लांबलंय पण पूर्ण वाचा, कारण आता घरोघरी गच्चीवर पाणी तापवायचं सोलर आहे आणि टाकी गळायला लागली की माणूस गडबडून जातो, मी पण गेले आणि त्यातच फसले.

आमचं सोलर 2017 चं, 200 लिटरचं, वीस काचेच्या नळ्यांचं. त्याच्या आदल्या वर्षी मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं होतं ते आठवत असेल, तेव्हा आम्ही भाड्यानं राहायचो, मग स्वतःचं घर झालं, बोअर मारला आणि लगेच सोलर बसवलं. बिलावर आतली टाकी स्टील 304, म्हणजे चांगल्या प्रतीचं स्टेनलेस स्टील, असं लिहिलेलं. पाणी बोअरचंच, लई जड, बादलीला पांढरा थर बसतो, पण सात वर्षं काही तक्रार नव्हती.

2024 च्या दिवाळीच्या आठ दिवस आधी गच्चीवर ओल दिसली. एका नळीवरून पाणी ओघळत होतं. मी व्हिडिओ काढून आमच्या ह्यांना पाठवला, ते नोकरीसाठी पुण्याला असतात, ते म्हणले कुणालातरी दाखव. शेजारच्या बिल्डिंगवर एक जण सोलरचंच काम करत होता, मीच त्याला वर बोलावलं. त्यानं टाकीवर पान्ह्यानं दोनदा वाजवलं आणि म्हणला, "ताई, आतली टाकी सडली. तुमचं बोअरचं पाणी खारं आहे, त्यानं स्टील खाल्लंय. नवीन घ्याल तर पंचवीस-तीस हजार जातील, मी वर्कशॉपला नेऊन आर्गन वेल्डिंग करून देतो, 4,800 द्या."

आता यातलं अर्धं खरं आहे म्हणून तर मला पटलं. पाण्यात क्षार, विशेषतः क्लोराइड जास्त असलं आणि पाणी कायम गरम राहिलं की 304 ला सुद्धा वेल्डिंगच्या सांध्यापाशी बारीक छिद्रं पडतात, हे खरंच होतं. पण माझ्या टाकीला तसं झालंय का हे त्यानं बघितलंच नव्हतं. घरात सासूबाई, त्यांना पहाटे गरम पाणी लागतं, दिवाळीला पाहुणे येणार, मी हो म्हणलं. 2,000 रोख दिले, पावती मागितली नाही आणि टाकी खाली उतरवून टेम्पोत टाकून तो गेला.

सहा दिवसांनी टाकी आली ती एकदम चकचकीत. "फोम नवीन भरलाय, वरून रंग पण मारून दिलाय." (फोम म्हणजे पाणी गरम राहावं म्हणून आतली टाकी आणि बाहेरच्या पत्र्याच्या मधी भरलेला असतो तो.) कंपनीचं स्टिकर नव्हतं, माझ्या मुलीनं लहानपणी बाजूच्या टोपणावर मार्करनं नाव लिहिलेलं ते पण नव्हतं, रंगाखाली गेलं असेल असं वाटलं. राहिलेले 2,800 दिले.

महाशिवरात्रीला, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या आठवड्यात परत गळती. या वेळी टोपणाच्या सांध्यातून, धार लागल्यासारखी. फोन केला तर म्हणतो वेल्डिंगला गॅरंटी नसते, आतली टाकीच बदलावी लागेल, 11,000 होतील. मी बिल मागितलं तर त्या दिवसापासून फोन उचलणं बंद.

शेवटी चुलत दिरांनी टोपण उघडलं. आतला पत्रा इतका पातळ की अंगठ्यानं दबत होता, आणि वेल्डिंग दुरुस्त केल्याची कुठंच खूण नाही. टाकी भंगारात द्यायची म्हणून भंगारवाल्या मामांना बोलावलं. त्यांनी लोहचुंबक लावलं, चिकटलं नाही, मी म्हणलं मग 304 च आहे की. तर ते म्हणले, "नाही बाई, 202 ला पण चुंबक चिकटत नाही." मग त्यांनी पत्रा घासून एका बाटलीतला थेंब टाकला, सेल लावला आणि थेंब लाल झाला. म्हणजे 304 नाही, 202 च्या जातीचं हलकं स्टील. 304 मध्ये निकेल साधारण 8 टक्के असतं, 202 मध्ये 4 ते 6 आणि त्याच्या बदल्यात मँगनीज घातलेलं असतं, म्हणून ते स्वस्त, आपल्या असल्या पाण्यात लवकर जातं, आणि भंगारात भाव पण खूप कमी.

मूळ टाकीच 202 ची नसेल कशावरून, हा प्रश्न मला पण पडला. म्हणून घरभरणीचे फोटो काढून बघितले. आमच्या टाकीला लाइटवरचं हीटर बसवायचं तोंड उजव्या बाजूला होतं. या टाकीला ते डाव्या बाजूला आहे. टाकीच बदललीय. आमची टाकी कुठं विकली त्यालाच माहीत.

आणि सगळ्यात जास्त जीव जळतो तो यानं, की तो पहिला व्हिडिओ मी नंतर औसा रोडच्या एका जुन्या मिस्त्रीला दाखवला तर बघता बघता म्हणला, "ताई, ही तर रिंग गेलेली आहे." नळी टाकीत शिरते तिथं सिलिकॉनची रिंग असते, ती उन्हानं कडक होऊन चिरते आणि पाणी त्याच नळीवरून ओघळतं. रिंग आणि मजुरी मिळून साडेतीनशेत काम झालं असतं.

आतली टाकी फुटली तर आधी फोम भिजतो आणि पाणी टोपणाच्या सांध्यातून किंवा एकदम चार-पाच नळ्यांच्या भोकातून येतं. कधी कधी फोममधलं पाणी एकाच भोकातून पण निघतं, म्हणून आधी ती रिंग बदलायची, दोन दिवस बघायचं, तरी गळलं तरच टाकीवर संशय घ्यायचा. रिंगचं काम पहाटेच करून घ्या, भर उन्हात रिकामी नळी इतकी तापते की गार पाणी लागलं की फुटते. आणि टाकी खरंच गेली असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका असं त्या मिस्त्रीनंच सांगितलं, पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एक छिद्र बुजवलं तर शेजारी दुसरं तयार असतं, शिवाय फोम सगळा खरवडावा लागतो. काहीही ठरवा पण टाकी गच्चीवरून खाली उतरू देऊ नका, उतरवावीच लागली तर आधी स्टिकरचा, नंबरचा, दोन्ही टोपणांचा फोटो काढा आणि पावतीवर तो नंबर लिहून घ्या.

मी 1915 वर, ग्राहक हेल्पलाइनला तक्रार दिलीय. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळं तिथं पण जाणार आहे. पावती नाही हा अडथळा आहे, पण राहिलेले 2,800 मी फोनवरून पाठवले होते, त्याची नोंद आहे, फोटो आहेत, पहिला व्हिडिओ आहे. तोवर सासूबाईंसाठी रोज पहाटे बंब पेटवतेय.