झेंडा चित्रात घ्यायचाय? जॉन्सची वाट की हॅमन्सची

जुलै उजाडला की 'यंदा झेंड्यावर काहीतरी करायचंय' म्हणणारा एखादा चित्रकला शिकणारा भेटतोच. अशा वेळी मी दोन अमेरिकी कामं समोर ठेवतो: जॅस्पर जॉन्सचं 1954-55 मधलं 'फ्लॅग' आणि डेव्हिड हॅमन्सचं 1990 मधलं 'आफ्रिकन-अमेरिकन फ्लॅग'.

जॉन्सने झेंड्यात काहीच बदललं नाही. आपण मोठा झेंडा रंगवतोय असं स्वप्न पडलं आणि त्याने काम सुरू केलं. इनॅमलचा रंग लवकर वाळेना, म्हणून तो वितळलेल्या मेणात रंग कालवण्याकडे वळला. वर्तमानपत्राचे कपटे चिकटवून त्यावर मेणाचे फटकारे मारले. लांबून बघितलं तर 48 ताऱ्यांचा सरळसोट झेंडा दिसतो (अलास्का आणि हवाई तेव्हा राज्यं झालेली नव्हती). जवळ गेलात की पट्ट्यांखालून छापील अक्षरं डोकावतात, मेणाच्या गाठी दिसतात आणि कळेनासं होतं, हा झेंडा की झेंड्याचं चित्र? देशभक्ती की थट्टा, हे चित्र शेवटपर्यंत सांगत नाही. तरी लोक चिडतील म्हणून न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टला 1958 मध्ये ते विकत घ्यायला भीती वाटली. शेवटी वास्तुरचनाकार फिलिप जॉन्सनने ते घेतलं आणि 1973 मध्ये म्युझियमला दिलं.

हॅमन्सने आराखडा तोच ठेवला, रंग बदलले. पट्टे लाल-काळे, कोपरा हिरवा, त्यावर काळे तारे. हे रंग कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याच्या संघटनेने 1920 मध्ये स्वीकारलेल्या झेंड्याचे. एका नजरेत मुद्दा पोचतो: हा देश आमचाही आहे, पण तुमच्या झेंड्यात आम्ही कुठे आहोत?

नवख्याला हॅमन्सची वाट सोपी वाटते, आणि तिथेच फसगत होते. त्याच्या रंगांमागे सत्तर वर्षांचा इतिहास उभा होता. तुमच्याकडे तसा रंग नसेल तर ते नुसतं रंग भरणं होईल, पोस्टर होईल. हातात कसब असेल आणि नेमकं काय म्हणायचंय ते अजून ठरलं नसेल, तर जॉन्सची वाट धरा. साहित्याशी झटापट करताना काहीतरी सापडतं.

तिसरी वाट अमेरिकी कलाकार ड्रेड स्कॉटची. 1989 मध्ये शिकागोत त्याने झेंडा जमिनीवर पसरला आणि वर फळीवर अभिप्रायाची वही ठेवली. वहीत लिहायचं तर झेंड्यावर पाय पडण्याची वेळ यायची. खूप गदारोळ झाला, पण 1990 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने झेंडा जाळण्यावर बंदी घालणारा कायदाच रद्द केला. त्या खटल्यातल्या आरोपींत स्कॉटही होता.

आपल्याकडे हा पर्याय नाही. 1971 च्या राष्ट्रीय सन्मान कायद्यानुसार तिरंग्याचं चित्र म्हणजेही तिरंगा. अवमानाला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दाम जमिनीला टेकवणं त्यात येतं, त्यावर काही लिहिणंही येतं. त्यामुळे तिरंगा घेणार असाल तर जॉन्सचं तंत्रही जसंच्या तसं उचलू नका. ती मेणाखालून दिसणारी छापील अक्षरं इथे कुणीतरी वाचायला बसेल.