पीजी डम्प संपला हे कशावरून ओळखायचं: फाइलचा आकार की एक्झिट कोड?

पीजी डम्प (pg_dump, पोस्टग्रेस डेटाबेसचा बॅकअप घेणारं टूल) बॅकग्राउंडला सोडला की बरेच जण कोडमधून दर काही सेकंदांनी फाइलचा आकार तपासतात. वाढायचा थांबला की बॅकअप झाला असं धरतात. सोपं आहे, पण भरवशाचं नाही. सुरुवातीला टेबलांच्या लॉकसाठी डम्प ताटकळला तर आकार हलतच नाही, आणि मध्येच कनेक्शन तुटलं तर अर्धवट फाइल मागे उरते.

मी एक्झिट कोडच (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा) घेईन, कारण तो थेट प्रोसेसकडून येतो: 0 म्हणजे झालं, बाकी काहीही म्हणजे फसलं. पायथॉनच्या पोपेनमध्ये (Popen, दुसरा प्रोग्राम चालवणारा क्लास) पोल मेथडने नन (None) दिलं तर काम अजून चालू आहे. मात्र डम्प जीझिपला (gzip, डेटा आकुंचित करणारं टूल) पाइप केला, म्हणजे त्याचं आउटपुट थेट तिकडे पाठवलं असेल, तर बॅश शेलमध्ये पाइपफेल (pipefail, साखळीतली कुठलीही कमांड फसली तर ते कळवणारा पर्याय) लावाच. नाहीतर जीझिपचा 0 हाती येतो आणि फसलेला बॅकअपही यशस्वी दिसतो.