खेळाडू, प्रशिक्षक, पदाधिकारी : इंदूरच्या एका बास्केटबॉल वर्गाचा शनिवारचा तास

लोकमान्यनगर परिसरातील एका बास्केटबॉल वर्गाला माझी पुतणी जाते. इंदूरमध्ये असे वर्ग पुष्कळ आहेत आणि ड्रिबल, ले-अप व मैदानाला फेऱ्या एवढ्यावर बहुतेकांचे भागते. या वर्गाचे वेगळेपण शनिवारच्या तासात आहे. त्या दिवशी चेंडू बाजूला ठेवून एखाद्या ऑलिंपिक खेळाडूची कारकीर्द, निवृत्तीनंतरच्या कामासह, मुलांसमोर मांडली जाते. पालकांनाही बसता येत असल्यामुळे सर्गेई बेलोव यांच्यावरील तास मला ऐकायला मिळाला.

निवड चोख होती. सोव्हिएत संघाकडून बेलोव १९६८ ते १९८० या काळातील चारही ऑलिंपिक खेळले. एक सुवर्ण आणि तीन कांस्यपदके त्यांच्या नावावर आहेत. १९८० मध्ये मॉस्कोची ऑलिंपिक ज्योत त्यांनीच प्रज्वलित केली. भारताचा पुरुष संघ आजवर एकदाच ऑलिंपिकमध्ये उतरला तो त्याच स्पर्धेत आणि तोही सोव्हिएत संघाच्याच गटात, हे सांगितल्यावर मागची मुलेही सरसावून बसली.

तासाचा खरा ऐवज १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमधील सोव्हिएत संघ विरुद्ध अमेरिका या अंतिम सामन्यात होता. बेलोव यांनी त्या सामन्यात २० गुण केले, पण सरांनी मुलांचे लक्ष वळवले ते गुणलेखकांच्या टेबलाकडे. सोव्हिएत प्रशिक्षकांनी मागितलेल्या टाइमआउटवरून, म्हणजे खेळ थोडा वेळ थांबवण्याच्या मागणीवरून, गोंधळ झाला, एकदा घड्याळ नीट लावण्यापूर्वीच खेळ सुरू झाला आणि शेवटचे तीन सेकंद पुन्हा खेळवल्यानंतर ५१-५० असा सोव्हिएत संघाच्या बाजूने निकाल लागला, तो अमेरिकेने कधीच मान्य केला नाही. एवढे सांगून सरांनी लगेच कोरे गुणपत्रक मुलांच्या हाती दिले : पहिल्या व तिसऱ्या सत्राच्या नोंदी लाल शाईने, मैदानी गोलला (चालू खेळातील बास्केटला) तिरकी रेघ, फ्री थ्रोला (फाउलनंतर मिळालेल्या मोकळ्या फेकीला) भरीव ठिपका आणि तीन गुणांचा गोल असेल तर खेळाडूच्या क्रमांकाभोवती वर्तुळ. पुतणीने दोन ओळींत तीन चुका केल्या आणि टेबलावरच्या माणसाला घाई का चालत नाही, हे तिला कोणी वेगळे सांगावे लागले नाही.

उत्तरार्ध मात्र उरकल्यासारखा झाला. १९९३ ते १९९८ या काळात बेलोव रशियाच्या बास्केटबॉल महासंघाचे अध्यक्ष होते आणि याच काळात त्यांच्या मार्गदर्शनाखाली राष्ट्रीय संघाने १९९४ व १९९८ च्या जागतिक स्पर्धांत रौप्यपदके मिळवली. प्रशिक्षकाला जाब विचारणारे पद आणि प्रशिक्षकपद एकाच माणसाकडे असावे का, हा प्रश्न मोठ्या मुलांना हमखास बोलते करणारा होता. सरांनी तो पदकांच्या यादीत बुडवला. आपल्याकडील क्रीडासंघटनांचा कारभार पाहता तो टाळायला नको होता.

खोली लहान आहे, पंखा एकच आहे आणि पडद्यावरील जुनी चित्रफीत मागून धूसर दिसते. या तासाचे वेगळे शुल्क नाही, ही जमेची बाजू. बारा वर्षांवरील मुलांना, विशेषतः ज्यांना पुढे पंचाच्या परीक्षेला बसायचे आहे त्यांना, इथे अवश्य घालावे. त्याहून लहान मुले गुणपत्रकाशी कंटाळतात, त्यांना सकाळची मैदानावरची बॅचच पुरे.