कॅलरीची नोंद की लक्ष देऊन जेवण: कोणत्या वयाला काय मानवतं?

खाण्याला शिस्त लावायचं ठरवलं की दोन वाटा दिसतात. एक, अ‍ॅपमध्ये घासन् घास नोंदवायचा. दुसरी, फोन दूर ठेवून भूक, चव आणि पोट भरत आल्याची जाणीव यांकडे लक्ष देत सावकाश जेवायचं. मी दोन्ही बराच काळ करून पाहिल्या आहेत.

नोंदीचा फायदा खरा आहे. येता-जाता तोंडात टाकलेलं किती होतं, ते तिथे दिसतं. टाइप 1 मधुमेहात जेवणाच्या वेळच्या इन्सुलिनचा डोस बहुतेकदा कर्बोदकं मोजून ठरतो, तिथे तर नोंद लागतेच.

माझं मन फिरलं ते दिवसाच्या मर्यादेतल्या 'शिल्लक' कॅलरी दाखवणाऱ्या आकड्यामुळे. रात्री पोट भरलेलं असायचं, तरी 200 कॅलरी शिल्लक दिसल्या की काहीतरी खाण्याचा विचार डोक्यात ठाण मांडून बसायचा. उलट कधी भूक खरी असायची आणि आकडा लाल झालेला. मग संध्याकाळभर चिडचिड. दोन्ही वेळा पोट काय म्हणतंय याला किंमतच उरत नव्हती. तो आकडा लपवून अ‍ॅप वापरायचं म्हटलं, तर मग अ‍ॅप हवंच कशाला? कुणाला हा त्रास होतही नसेल, पण दिवस कसा गेला हे स्क्रीनने ठरवावं हे मला सहन होईना.

सावकाश जेवण्यात ही कटकट नाही. जठर ताणल्याची खबर व्हेगस नर्व्ह, म्हणजे पोट आणि मेंदूला जोडणारी नस, लवकर देते, पण आतड्यातून येणारी, पोट भरल्याचं कळवणारी जीएलपी-1 सारखी संप्रेरकं हळूहळू वाढतात. पूर्ण तृप्ती जाणवायला साधारण 20 मिनिटं लागतात, असं म्हणतात ते यामुळे. 2013 साली अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. लक्ष दुसरीकडे असताना माणूस त्या वेळी जास्त खातो आणि नंतरच्या खाण्यात त्याहूनही जास्त खातो, असं त्यात दिसलं. काय खाल्लं हेच नीट आठवत नाही, हे त्यामागचं एक कारण. मानसशास्त्रज्ञ जीन क्रिस्टेलर यांनी तर अनावर खाण्याच्या त्रासासाठी याच सजगतेवर आधारलेली प्रशिक्षणपद्धत तयार केली. तरीही या त्रासावर उपचार चालू असतील तर हे त्यांच्या जागी नव्हे, त्यांच्या सोबतीला.

वय पाहिलं की निवड सोपी होते. लहान मुलांना आकडे नकोतच. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची वाटणी मला पटते: काय, कधी आणि कुठे खायचं हे मोठ्यांनी ठरवावं, किती खायचं आणि खायचं की नाही, हे मुलाने. ताट संपवण्याचा आग्रह धरला की मूल पोटाचं ऐकायचं विसरतं.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत मी सगळ्यात ठाम आहे. खाण्याचे मानसिक विकार बहुतेकदा याच वयात किंवा विशीच्या सुरुवातीला डोकं वर काढतात. शरीराच्या आकाराची धास्ती आधीच असते, त्यात रोज लाल होणारा आकडा देऊ नये. डॉक्टरांनी सांगितलं असेल तर गोष्ट वेगळी.

मधल्या वयात दोन्ही चालतं. कामाच्या गडबडीत निदान एक जेवण तरी स्क्रीनशिवाय व्हावं, एवढंच म्हणेन.

वृद्धांच्या बाबतीत मात्र माझा कल थोडा बदलतो. वयानुसार चव आणि वास मंदावतात, भूकही कमी होते. 'भूक लागेल तेव्हा जेवा' हा सल्ला त्यांना उपाशी ठेवू शकतो. तिथे ठरलेली वेळ, सोबत जेवायला कुणीतरी, आणि घरच्यांनी ठेवलेली साधी नोंद उपयोगी पडते: आज जेवण नीट झालं का, वजन उतरतंय का. कॅलरी नकोत.

तरीही अ‍ॅप वापरून बघायचंच असेल, तर दोनेक आठवडे बघा, आणि त्या काळात जेवणानंतर मन कसं असतं तेही टिपून ठेवा. ते सारखं खट्टू होत असेल तर अ‍ॅप काढून टाका.