इम्प्लांटवरची कॅप: स्क्रूची की सिमेंटची?

हाडात इम्प्लांट, म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी धातूचं कृत्रिम मूळ, बसलं, तीन-चार महिने थांबून झालं, मापं दिली. मग खुर्चीत आडवे असताना, आ वासलेल्या तोंडानं बोलायची सोय नसताना डॉक्टर विचारतात, "कॅप स्क्रूची करू या की सिमेंटची?" आपण हातानं 'तुम्हीच ठरवा' अशी खूण करतो. मीही तेच केलं होतं. त्या खुणेचा हिशेब आठ वर्षांनी चुकता केला.

खाली उजवीकडची दाढ सिमेंटची. चार वर्षांनी डावीकडची करायची वेळ आली तेव्हा डॉक्टर दुसरे होते, त्यांचा हात स्क्रूवर बसलेला, म्हणून ती स्क्रूची. पुढची चार वर्षं दोन्ही तऱ्हा एकाच जबड्यात समोरासमोर नांदल्या. तुलना करायला याहून चांगली सोय कुठली? दोनच दाढा आणि एकच तोंड, तेव्हा याला अभ्यास म्हणू नका.

चावताना फरक शून्य. दिसण्यात सिमेंटची कॅप वरचढ, अखंड दाढ वाटते. स्क्रूच्या कॅपला वरच्या बाजूनं भोक असतं. आत टेफ्लॉनची टेप कोंबून वर दाताच्या रंगाचं कॉम्पोझिट भरतात. मला आरशात ते ठिगळ दिसतं, पण आजवर दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलेलं नाही.

बसवायच्या दिवशीही सिमेंट सोपं वाटलं. कॅप दाबली, कडेनं बाहेर आलेलं सिमेंट खरवडलं, फ्लॉस फिरवला, एक्स-रे काढला, झालं. स्क्रूच्या वेळी टॉर्क रेंचचा, म्हणजे ठरावीक जोरानं आवळायच्या पान्याचा, खट्ट असा आवाज थेट जबड्यात ऐकू येतो, दुखत काहीच नसलं तरी छातीत धस्स होतं. वर डॉक्टरांनी दहा मिनिटं बसवून ठेवलं आणि पुन्हा तेवढ्याच जोरानं आवळलं. पहिल्यांदा आवळल्यावर आट्यांवरचे बारीक उंचवटे दबतात आणि स्क्रूचा ताण थोडा उतरतो, म्हणून हा दुसरा फेरा.

खरं तर स्क्रू दोन्हींत असतोच. सिमेंटच्या पद्धतीत ॲबटमेंट, म्हणजे इम्प्लांट आणि कॅप यांच्यामधला खुंट, आधी स्क्रूनं इम्प्लांटला आवळतात आणि त्यावर कॅप चिकटवतात. प्रश्न एवढाच, की त्या स्क्रूपर्यंत जायची वाट उघडी ठेवायची की बुजवून टाकायची. आधुनिक इम्प्लांटचे जनक ब्रोनेमार्क यांच्या मूळ स्वीडिश पद्धतीत दात स्क्रूनेच बसवत, हवे तेव्हा काढता यावेत म्हणून. ही सावधगिरी मला तेव्हा अंमळ जास्तच वाटायची.

डावीकडची कॅप दुसऱ्या वर्षी किंचित हलायला लागली. स्क्रू सैल झाला होता. डॉक्टरांनी ठिगळ काढलं, चिमट्यानं टेफ्लॉन ओढून बाहेर घेतलं, कॅप काढून धुतली, नवा स्क्रू घालून आवळला, भोक पुन्हा भरलं. वीस-पंचवीस मिनिटं, इंजेक्शनही नाही. आधी एकदा नुसतं ठिगळच निघालं होतं तेव्हा मात्र मी वैतागलो होतो. जीभ दिवसभर त्या खड्ड्यात जायची. स्क्रूवाल्यांनी हा त्रास धरूनच चालावं.

मग गेल्या वर्षी उजवीकडे तोच आजार. सकाळी ब्रश करताना दाढ हलल्यासारखी वाटली आणि पोटात गोळा आला, म्हटलं इम्प्लांटच गेलं. एक्स-रेत इम्प्लांट हाडात भक्कम होतं. सैल झाला होता तो आतला स्क्रू, आणि त्याच्यावर कॅप पक्की चिकटलेली. सिमेंटनं आपलं काम चोख केलं होतं, तीच पंचाईत झाली.

आधी कॅप ठोकून काढायचा प्रयत्न झाला. चार ठोके दिल्यावर डॉक्टर थांबले. जोर सगळा इम्प्लांटच्या आट्यांवर जातो म्हणाले. मग वरून भोक पाडायचं ठरलं. पण कुठे? एक्स-रेत इम्प्लांट पुढे झुकलंय की मागे एवढं कळतं, गालाकडे की जिभेकडे ते कळत नाही. ज्या डॉक्टरांनी बसवलं होतं त्यांच्याकडे ॲबटमेंटचा साधा फोटोही नव्हता. तेव्हा अंदाजानंच. पोर्सिलेन संपलं, खालचा धातू लागला, ड्रिलचा आवाज बदलला, तोंडात बारीक कीस आणि पाणी. एक मिलिमीटर चुकलं म्हणून भोक रुंद करावं लागलं, तेवढ्यात कडेचा टवका उडाला. शेवटी आठ वर्षांपूर्वी स्क्रूवर ठेवलेला कापसाचा बोळा निघाला. त्याचा वास मी वर्णन करत नाही.

कॅप ॲबटमेंटसकट बाहेर आली. डॉक्टरांनी ती ट्रेमध्ये ठेवून मला दाखवली. हिरडीखाली जो भाग असतो तिथे, जिभेच्या बाजूला, नखाच्या कातरणाएवढी पिवळट पापडी घट्ट बसली होती. जुनं सिमेंट! त्या जागी फ्लॉस करताना रक्त यायचं आणि मी आठ वर्षं स्वतःच्या ब्रशिंगला दोष देत होतो. ती हिरडी पुढच्या महिन्याभरात शांत झाली. पापडीमुळेच होतं हे मी शपथेवर सांगणार नाही, पण दुसरं काही बदललं नव्हतं.

घरी येऊन वाचायला बसलो. अमेरिकेतल्या थॉमस विल्सन यांनी २००९ साली ३९ रुग्णांची इम्प्लांटं हिरडीच्या आत बारीक एंडोस्कोप, म्हणजे नळीचा कॅमेरा, घालून पाहिली. दाह असलेल्यांपैकी ८१ टक्क्यांच्या भोवती उरलेलं सिमेंट सापडलं. ते काढल्यावर ७४ टक्के ठिकाणी दाहाची लक्षणं गेली. त्रास सुरू व्हायला कुणाला चार महिने लागले, कुणाला नऊ वर्षांच्या वर. लिथुआनियाच्या लिंकेव्हिसियस आणि सहकाऱ्यांनी नंतर दाखवलं, की कॅपची कड हिरडीखाली जितकी खोल, तितकं सिमेंट मागे राहतं, आणि एक्स-रेवर विसंबता येत नाही. कारणही पटण्यासारखं आहे. खऱ्या दाताच्या मुळात हिरडीचे धागे आडवे घुसलेले असतात, ते सिमेंटला खाली जाऊ देत नाहीत. इम्प्लांटभोवती ते नुसते कडं करून असतात, दाब आला की सिमेंट सरळ खाली उतरतं.

उलट बाजूही सांगायला हवी. इरेना सायलर आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली आधीच्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, त्यात एकट्या दाताच्या कॅपचं पाच वर्षं टिकण्याचं प्रमाण सिमेंटचं ९६.५ टक्के आणि स्क्रूचं ८९.३ टक्के असं निघालं. वरवर पाहता सिमेंट जिंकलं, पण तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही. त्याच आढाव्यात स्क्रूकडे तांत्रिक कटकटी जास्त आहेत, म्हणजे सैल होणं, टवके उडणं. हाड दोन मिलिमीटरहून जास्त झिजणं किंवा इम्प्लांटच जाणं अशी गंभीर दुखणी सिमेंटकडे जास्त. एकच पद्धत सरस असं ते म्हणत नाहीत. काढता येते म्हणून स्क्रूकडे कल दाखवतात, इतकंच. मला विचाराल तर स्क्रू सैल होणं मी दहादा सोसेन, हाड एकदा गेलं की गेलं.

समोरच्या दाताबद्दल मात्र मी इतकं ठाम बोलणार नाही. तिथे हाडाच्या ठेवणीमुळे इम्प्लांट बरेचदा तिरकं बसतं आणि स्क्रूचं भोक ओठाच्या बाजूला येतं. हसताना ठिगळ कोण मिरवणार? वीस-पंचवीस अंशांपर्यंत वळवलेली वाट करून भोक मागच्या बाजूला नेता येतं, पण ते प्रत्येक ठिकाणी जमतंच असं नाही. जमत नसेल तर सिमेंट घ्या, आणि कड हिरडीच्या बरोबरीला, निदान फार खोल नको, एवढं आधीच बोलून ठेवा. चिकटवण्याआधी ॲबटमेंटमधलं स्क्रूचं भोक दिसेल असा वरून एक फोटो मागा. डॉक्टर हसतील, हसू द्या.

टवका उडालेली कॅप परत वापरण्यासारखी नव्हती. नवी करताना डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, "या वेळी काय करू या?" तोंडात कापूस होता तरी मी तो काढून "स्क्रू" म्हणालो. नवी कॅप झिर्कोनियाची, म्हणजे पांढऱ्या कणखर सिरॅमिकची आहे. टायटॅनियमच्या छोट्या बुडाला ती लॅबमध्ये, तोंडाबाहेरच चिकटवलेली, वर मधोमध भोक. सिमेंट आहे, पण टेबलावर पुसून साफ करून मग तोंडात गेलेलं.

जुनी कॅप मी मागून घेतली. ती टेबलाच्या खणात आहे, मध्यापासून जरा बाजूला सरकलेल्या त्या वेड्यावाकड्या भोकासकट.